किसणी माणसाएवढी होते तेव्हा

हातातलं काम चालू असेल तर चालू राहू द्या. आजचा विषय तुमच्या हातातल्या वस्तूंचाच आहे.

मांडणीवरची किसणी आठवा. खोबरं, गाजर, बटाटा किसायची साधी पत्र्याची किसणी. तिची कधी भीती वाटते का? नाही. फार तर घाईत बोट घासलं जातं, आपण बोट तोंडात घालतो आणि दुसऱ्या हातानं पुढचं गाजर घेतो. आता तीच किसणी पावणेसात फूट उंच झाली आहे असं समजा. खोलीच्या मधोमध, घडीच्या पडद्यासारखी उभी आहे. तिची भोकं आणि भोकांचे धारदार ओठ त्याच मापात वाढलेत. अशा पडद्याआड जाऊन कुणी लुगडं बदलेल का? पडदा आहे, पण आडोसा नाही. उलट जवळ गेलं तर अंग सोलून निघेल.

ही वस्तू खरोखरच आहे. २००२ साली ती पोलादात घडवली गेली. तिचं नाव 'ग्रेटर डिव्हाइड'. इंग्रजीत 'ग्रेटर' म्हणजे किसणी, आणि हे नाव उच्चारताना 'ग्रेट डिव्हाइड', म्हणजे मोठी दरी, असंही ऐकू येतं. ती घडवणाऱ्या बाईचं नाव मोना हातूम. आज आपण तिच्या प्रदर्शनाला मनानं जाऊन येणार आहोत. तिकीट नाही, एसटी चुकायची भीती नाही, आणि चपलाही काढायच्या नाहीत.

आधी बाईची ओळख

मोना हातूम १९५२ साली लेबनॉन देशातल्या बैरूत शहरात जन्मली. घर पॅलेस्टिनी. आईवडील मूळचे हैफा या समुद्रकाठच्या शहरातले. १९४८ साली तिथं युद्ध पेटलं, इस्राएल देश अस्तित्वात आला आणि ७ लाखांहून अधिक पॅलेस्टिनी माणसांची घरं सुटली. मोनाचे आईवडीलही त्यातच बैरूतला आले. म्हणजे मुलगी जन्मली तीच उठलेल्या घरात. लेबनॉनमध्ये राहूनही या घराला तिथली ओळखपत्रं मिळाली नव्हती. आधार कार्ड, रेशन कार्डावरचं एक नाव चुकलं तर किती हेलपाटे पडतात हे आपण जाणतो. इथं तर अख्ख्या घराचीच नोंद त्या देशाच्या लेखी नव्हती.

मोनाला चित्रकलेची ओढ होती. पोट भरेल असं काहीतरी शिकावं हा वडिलांचा आग्रह. म्हणून तिनं आधी जाहिराती आणि छपाईसाठी लागणारी आरेखनकला शिकून घेतली. १९७५ साली ती थोड्या दिवसांसाठी लंडनला गेली, आणि मागे लेबनॉनमध्ये यादवी सुरू झाली. ती पुढं पंधरा वर्षं, १९९० पर्यंत चालली. विमानतळ बंद पडला आणि मोनाला परत जाता येईना. पाहुणी म्हणून गेलेली मुलगी तिथंच अडकली. तिथंच तिनं कलाशाळेत नाव घातलं, शिकली, आणि पुढं जगातल्या नावाजलेल्या शिल्पकारांत तिची गणना झाली.

आईवडिलांचं घर १९४८ साली सुटलं, मुलीचं १९७५ साली. हे लक्षात ठेवलं की तिच्या कामातल्या खाटा, पाळणे, चाळण्या आणि किसण्या आपोआप बोलायला लागतात.

सिंहावलोकन म्हणजे काय?

एखाद्या कलाकाराचं नवं काम दाखवणारी प्रदर्शनं नेहमीच होतात. पण कधी कधी एखादं संग्रहालय म्हणतं, या माणसानं आजवर जे काही केलं ते एका छताखाली आणू या. तरुणपणीचं, मधल्या काळातलं आणि कालपरवाचं. याला सिंहावलोकन प्रदर्शन म्हणतात. सिंह चालता चालता थांबून मागे वळून पाहतो, तसं. आपल्या गटाचं दहा वर्षांचं दप्तर पुढ्यात उघडलं, की पहिल्या वर्षीची भांडणं, पहिलं कर्ज आणि आजचा उद्योग एका ओळीत दिसतात. तसंच हे.

मोना हातूमचं असं मोठं प्रदर्शन २०१५ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात भरलं. २०१६ च्या मे ते ऑगस्टमध्ये ते लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयात होतं आणि त्यानंतर फिनलंडच्या हेलसिंकी शहरात गेलं. सुमारे ३५ वर्षांचं काम त्यात होतं. टेट मॉडर्नची इमारत म्हणजे पूर्वीचं वीज तयार करायचं केंद्र. जिथं वीज बनायची तिथं २००० साली संग्रहालय सुरू झालं. इमारतीचाही उपयोग बदलतो, तसा वस्तूंचाही. आता आपण त्या वस्तूंकडे जाऊ. एका प्रदर्शनातल्या दालनांच्या क्रमानं न जाता तिच्या आजवरच्या कामातल्या निवडक गोष्टी पाहू. वस्तू ती कशी पालटते त्याच्या चार रीती आहेत. त्या एकदा समजल्या की असं कुठलंही प्रदर्शन आपल्याला वाचता येतं.

पहिली रीत : माप बदलायचं

किसणी आपण पाहिली. आता पुरणयंत्र आठवा. होळीला शिजलेली डाळ घालून दांडा फिरवतो ते. त्याच जातीचं, भाज्या किसायचं एक यंत्र फ्रान्समध्ये घरोघरी असायचं. तीन पाय, वर फिरवायचा दांडा, आत बदलता येणाऱ्या भोकांच्या चकत्या. मोनानं १९९९ साली हे यंत्र सतरा पटीनं मोठं केलं. पाय माणसाच्या उंचीला भिडले, दांडा एखाद्या जनावराच्या शेपटीसारखा वर वळला, आणि बाजूला ठेवलेल्या चकत्यांवर माणूस झोपेल एवढ्या त्या झाल्या. पाहणाऱ्याला वाटतं, आता आपणच गाजर.

एवढं करून काय साधलं? रोजच्या वापरात वस्तू आपल्या मुठीत असते, म्हणून तिची धार आपण विसरतो. माप बदललं की मूठ सुटते. किसणी, विळी, सुरी, पाटा-वरवंटा ही सगळी कापायची, चिरायची, ठेचायची हत्यारंच आहेत. आपण त्यांना माणसाळवलं आहे एवढंच. स्वयंपाकघर ही मायेची जागा खरीच, पण तिथं विस्तव आहे, धार आहे, उकळतं तेल आहे. ज्या घरात भांडण पेटतं त्या घरात याच वस्तू काय होऊ शकतात, हे गावातल्या बायकांना वेगळं सांगायला नको.

दुसरी रीत : साहित्य बदलायचं

पाळण्याचा आकार तोच ठेवला, पण तो काचेचा केला तर? १९९४ साली मोनानं प्रयोगशाळेतल्या नळ्यांसारख्या काचेचा पाळणा केला. त्याचं नाव 'सायलेन्स', म्हणजे शांतता. सगळं आरपार दिसतं. जरा धक्का लागला तर चुरा. दोन वर्षांनी तिनं पाळण्याची चौकट रबराची केली. ती उभीच राहीना, जमिनीवर लोळागोळा होऊन पडली. ज्यानं बाळाला धरायचं त्याच्याच अंगात हाडं नाहीत. हिचं नाव 'मॅरो', म्हणजे हाडातला मगज.

यातली दुसरी वस्तू आपल्याला जास्त जवळची वाटेल. पॅलेस्टिनी पुरुष डोक्याला काळ्यापांढऱ्या जाळीच्या नक्षीचा रुमाल बांधतात, त्याला केफिया म्हणतात. शेतकऱ्याचं ते साधं डोक्याचं फडकं. पुढं ते त्यांच्या लढ्याची खूण झालं. मोनानं १९९३ ते १९९९ च्या दरम्यान एक केफिया तयार केला. त्यातली काळी नक्षी दोऱ्याची नाही, बाईच्या लांब केसांची आहे. कडेनं केस मोकळे सुटलेले दिसतात.

आता विचार करा. तो रुमाल पुरुषाच्या मर्दुमकीची खूण, आणि त्यात विणलेत बाईचे केस. लढा म्हटलं की फोटोत पुरुष दिसतात. मागं राहून घर धरणारी, मुलं वाढवणारी, मेलेल्यांना रडणारी बाई त्या कापडातच विणलेली असते, फक्त दिसत नाही. इथं ती दिसते. आपल्याकडे 'केसांवर भांडी' म्हणत फिरणारे येतात, आणि फणीत अडकलेले केस बोळे करून साठवणाऱ्या बायका त्याला ते देऊन एखादं पातेलं घेतात. टाकाऊ केसांचं मोल असतं हे आपल्याला ठाऊक आहेच. मोनानंही स्वतःचे गळलेले केस असेच साठवले, त्यांचे छोटे गोळे वळले आणि १९९५ साली त्यांची माळ केली. दुरून ती दागिन्यासारखी दिसते. जवळ गेल्यावर कळतं, हे केस आहेत, आणि हात मागे येतो.

तिसरी रीत : वस्तूचं काम उलटं करायचं

चाळणीचं काम काय? पाणी जाऊ देणं. मोनानं एका चाळणीच्या सगळ्या भोकांत नटबोल्ट घट्ट बसवले. चाळणी ती चाळणीच, पण आता थेंबही सुटत नाही. वर बोल्टांची टोकं काट्यांसारखी उभी. नाव 'नो वे', म्हणजे 'वाट नाही'. ज्यांच्या रस्त्यावर नाकी आहेत, दुसऱ्या गावाला जायला ज्यांना परवाना लागतो, त्यांना हे नाव लगेच कळेल. आणि ज्या सुनेला माहेरी जायचं म्हटलं की कुणीतरी दारात आडवं येतं, तिलाही कळेल.

दारातलं पायपुसणं घ्या. त्यावर इंग्रजीत 'वेलकम', सुस्वागतम् असं लिहिलेलं असतं. मोनाचं पायपुसणं टाचण्यांचं आहे, हजारो टाचण्या टोक वर करून उभ्या. अक्षरं स्वागताचीच आहेत. पाय मात्र ठेवता येत नाही. परक्या देशात पोचलेल्या माणसाला तोंडदेखलं 'या' म्हणतात आणि वागणुकीत टोचत राहतात, ते एका पायपुसण्यात सांगून झालं.

१९९३ सालची एक वस्तू पाहताना पोटात गोळा येतो. दवाखान्यात असते तशी लहान मुलांची लोखंडी खाट. गादी काढून टाकलेली. गादीखालच्या पट्ट्यांच्या जागी चीज कापतात तसल्या बारीक, ताणलेल्या तारा. बाळ ठेवलं तर काय होईल हे कुणी सांगायला लागत नाही. ही खाट रिकामीच आहे. तिथं काहीच घडलेलं नाही. सगळं घडतं ते आपल्या मनात. नाव 'इनकम्युनिकाडो'. ज्या कैद्याला कुणाशी बोलूच दिलं जात नाही त्याच्यासाठी हा शब्द वापरतात. बाळालाही बोलता येत नाही. त्याच्यावर घरात काय बेततंय ते ते सांगू शकत नाही.

आणखी एक वस्तू म्हणजे चाकांची खुर्ची. मागून ढकलायच्या दोन मुठींच्या जागी दातेरी सुऱ्या. खुर्चीत बसलेल्याला ढकलल्याशिवाय हलता येत नाही, आणि ढकलणाऱ्याचा हात कापल्याशिवाय राहत नाही. आमच्या गटात ज्या बायका अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याचं किंवा सासूचं वर्षानुवर्षं करतात, त्यांना या खुर्चीचा अर्थ समजावून सांगायला कुठलाही समीक्षक लागणार नाही. माया खरी असते आणि हाताला होणारा घावही खरा असतो. एक खरं म्हणून दुसरं खोटं ठरत नाही.

चौथी रीत : वस्तू एकत्र मांडायच्या

आता एका मोठ्या खोलीसमोर उभ्या राहू. आडव्या पोलादी तारांचं कुंपण आहे, आत जाता येत नाही. पलीकडे एक घर मांडलंय. टेबल, खुर्च्या, खाट, पाळणा, चाळण्या, किसण्या, नरसाळं. सगळं धातूचं. एकेका वस्तूला वायरीचा चिमटा लावलेला, एकीतून दुसरीत वीज खेळवलेली. चाळणीखाली दिवा लागतो, मंदावतो, पुन्हा उजळतो. आणि विजेचा गुणगुणाट मोठा करून ऐकवला जातो. हे २००० सालचं 'होमबाउंड'. या शब्दाचे इंग्रजीत दोन अर्थ होतात. एक, घराकडे निघालेला. दुसरा, घरात जखडलेला.

मैत्रिणींनो, या एका शब्दात दोन बायका राहतात. एकीचं घर गेलंय, तिला घरी जायचंय आणि वाट नाही. दुसरी घरातच आहे, तिला बाहेर पडायचंय आणि वाट नाही. दोघी त्याच चाळणीकडे बघतात. एकीला ती हवीहवीशी वाटते, दुसरीला तिचा शॉक बसतो. धरणाखाली गाव गेलेली आजी आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू न दिलेली सून एकाच तालुक्यात राहत असतील. घर म्हणजे आसरा की पिंजरा, याचं एकच उत्तर नाही. ते घरात कोण कसं वागतं यावर ठरतं.

याच रीतीची दुसरी मांडणी मात्र मायेची आहे. नाव 'ट्वेल्व्ह विंडोज', बारा खिडक्या. खोलीभर तारा आडव्यातिडव्या ताणल्या आहेत, आणि त्यावर लाकडी चिमट्यांनी भरतकामाचे बारा मोठे चौकोन वाळत घातल्यासारखे टांगले आहेत. आपण त्यांच्यामधून वाट काढत, वाकून, तार चुकवत चालायचं. वाळत घातलेल्या कपड्यांमधून चालतो तसं. एकेका चौकोनावर पॅलेस्टाइनच्या एकेका भागाचे टाके, रंग आणि नक्षी आहे. तिकडे पूर्वी बाईच्या अंगावरच्या झग्याचं भरतकाम पाहून ती कुठल्या भागातली, कुठल्या गावची हे ओळखता यायचं. सरूचं झाड, बेथलेहेमचा चंद्र अशी नक्ष्यांना नावं आहेत. आपल्या तांड्यावरच्या बंजारा आजीच्या कांचळीवरचे टाके आणि आरसे जसे तिची ओळख सांगतात, तसंच. २०२१ साली युनेस्कोनं या पॅलेस्टिनी भरतकामाची नोंद मानवजातीच्या वारशाच्या यादीत केली.

हे बारा चौकोन मोनानं एकटीनं भरले नाहीत. ते लेबनॉनमधल्या निर्वासित छावण्यांत राहणाऱ्या पॅलेस्टिनी बायकांनी भरले. 'इनाश' या संस्थेमार्फत. ही संस्था १९६९ साली सुरू झाली. छावणीतल्या बायकांना भरतकामातून रोजगार मिळावा आणि टाक्यांची विद्या मरू नये, ही दोन कामं ती करते. गाव गेलं, जमीन गेली, विहीर गेली. पण गावाची नक्षी बायकांच्या बोटांत राहिली आणि आईकडून लेकीकडे आली. ज्या नातीनं ते गाव कधी पाहिलं नाही, तिच्या सुईखाली ते उमटतं.

इथं आमच्या गटात वाद झाला. एक मैत्रीण म्हणाली, "टाके घातले बायकांनी आणि नाव झालं मोनाचं. हे कसं?" प्रश्न रास्त आहे, आणि आपण गोधड्या, मसाले, पापड करून दुसऱ्याच्या शिक्क्याखाली विकतो तेव्हा तो आपल्यालाही लागू होतो. या कामात संस्थेचं नाव मोनाच्या नावासोबत दिलं जातं, ही चांगली रीत आहे. कल्पना कुणाची आणि हात कुणाचे हे दोन्ही लिहिलेलं असावं. तुमच्या गटाचा माल शहरात जातो तेव्हा त्यावर निदान गटाचं आणि गावाचं नाव आहे ना, हे आजच बघा.

रेघ ओढायची आणि पुसायची

थोडं थांबून एक शांत काम पाहू. जमिनीवर बारीक वाळूचं गोल रिंगण, चार मीटर रुंद. वर मध्यापासून दोन्ही बाजूंना पोचणारा धातूचा दांडा, मोटरवर सावकाश फिरणारा. दांड्याच्या एका अर्ध्या भागाला दाते आहेत. तो वाळूत गोल रेघा ओढत जातो. दुसरा अर्धा भाग सपाट आहे. तो मागोमाग येऊन त्या पुसत जातो. दिवसभर हेच. नाव 'प्लस अँड मायनस', अधिक आणि उणे.

हे पाहून आम्हाला रांगोळी आठवली. सकाळी काढायची, संध्याकाळपर्यंत पायाखाली जाते, उद्या पुन्हा. झाडलोट, भांडी, धुणं, सारवण, स्वयंपाक, सगळं असंच. केलेलं दिसेपर्यंत पुसलेलं. म्हणून तर "दिवसभर घरात काय केलंस?" असं विचारलं जातं. संग्रहालयात लोक या वाळूसमोर उभे राहून बघत राहतात, कारण करणं आणि पुसणं दोन्ही एकाच वेळी दिसतं. आपल्या घरात फक्त पुसलेलं दिसतं, करणारी दिसत नाही.

आईची पत्रं

शेवटचं काम वस्तूंचं नाही, पण त्याशिवाय फेरी पुरी होत नाही. १९८८ साली मोनानं पंधरा मिनिटांची एक चित्रफीत केली, 'मेझर्स ऑफ डिस्टन्स', अंतराची मापं. पडद्यावर न्हाणीघरातल्या आईची धूसर छायाचित्रं दिसतात. त्यांच्यावर पडद्यासारखी पसरलेली अरबी अक्षरं, आईनं युद्धातल्या बैरूतहून लेकीला पाठवलेल्या पत्रांतली. मागं मायलेकींच्या गप्पा आणि हसणं ऐकू येतं, आणि लेक तीच पत्रं इंग्रजीत उदास आवाजात वाचते. आई मोकळेपणानं लिहिते. बाईच्या शरीराबद्दल, लग्नाबद्दल, आपलं गाव सुटल्याबद्दल. ही छायाचित्रं घेतली म्हणून वडील रागावले, हेही तिनं लिहिलंय.

ती अक्षरं कधी पडद्यासारखी दिसतात तर कधी काटेरी तारेसारखी. पत्र दोघींना जोडतं, आणि पत्र लिहावं लागतं हेच दोघींतलं अंतर दाखवतं. ऊसतोडीला गेलेली आई आणि आजीकडे ठेवलेली लेक फोनवर बोलतात, तेव्हाही असंच असतं. आवाज कानात, माणूस दूर.

"पण ही कला कशी?"

हा प्रश्न कुणीतरी विचारणारच, आणि विचारायलाच हवा. गणपतीची मूर्ती घडवणाऱ्याची कला कळते. विठ्ठलाच्या देवळाच्या खांबावरची नक्षी कळते. पण चाळणीत बोल्ट बसवले यात कारागिरी कसली?

आमचं उत्तर असं. मूर्तिकार दगडातला नको तो भाग काढतो आणि आत असलेलं रूप दाखवतो. इथं मोना वस्तूवरची सवय काढते. रोज पाहून पाहून आपल्याला किसणी दिसेनाशी झालेली असते. सवय सोलून काढली की वस्तूत दडलेलं भय, माया, कष्ट आणि आठवण वर येते. आधी अंगावर शहारा यावा आणि अर्थ मागाहून सुचावा, असंच तिचं काम असतं. म्हणून असं काही पाहताना "याचा अर्थ काय?" असं लगेच विचारू नका. आधी विचारा, "हे पाहून माझ्या अंगाला काय झालं?" मग विचारा, "यातलं नेमकं काय बदललंय?" माप, साहित्य, काम, की मांडणी? आणि शेवटी, "यानं मला काय आठवलं?" या तीन प्रश्नांना शिक्षण लागत नाही. आणि एखादं काम आवडलं नाही तर तसं म्हणायलाही लाजू नका.

आपल्या जवळही एक जागा आहे. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर गंगाधर केळकर यांनी आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं ते उभं केलं. तिथं दिवे, अडकित्ते, भांडी, स्वयंपाकघरातल्या वस्तू अशा रोजच्या वापराच्या गोष्टी जपून ठेवल्यात. तिथं वस्तू आहे तशी सांभाळली आहे, मोनाकडे ती पालटली आहे. दोन्हीकडे म्हणणं एकच की बाईच्या हातातली वस्तू जपण्याजोगी, पाहण्याजोगी आहे. गटाची सहल काढाल तेव्हा देवदर्शनाच्या यादीत हेही नाव घाला.

पुढच्या बैठकीत करून पाहा

बचतीचे पैसे मोजून झाले, सह्या झाल्या, की अर्धा तास काढा. प्रत्येकीनं घरातली एक वस्तू आणायची. चाळणी, उखळ, बाळाची दुपटी, फुंकणी, माहेरून आलेला तांब्या, काहीही. ती मध्ये ठेवायची आणि दोनच गोष्टी सांगायच्या. एक, या वस्तूनं मला काय दिलं. दोन, या वस्तूनं माझं काय घेतलं. बाकीच्यांनी फक्त ऐकायचं. सल्ला नाही, हसणं नाही, आणि ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही.

एक सांभाळायचं. लाटणं पुढं ठेवून एखादी गप्प झाली, तर तिला बोलायला भाग पाडू नका, पण एकटीही सोडू नका. घरात मारहाण होत असेल तर महिलांसाठी १८१ हा मदतीचा नंबर आहे आणि तातडीच्या वेळी ११२. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ सालचा कायदा तिला नवऱ्याच्या घरात राहायचा हक्कही देतो, आणि अर्ज करायला मदत करणं हे संरक्षण अधिकाऱ्याचं कामच आहे. हे सगळ्यांसमोर न सांगता, नंतर तिच्यासोबत चालत जाऊन सांगा.

बैठकीत आलेल्या वस्तूंची नावं आणि त्यांच्याबद्दलची एकेक ओळ गटाच्या वहीत लिहून ठेवा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं दुसरीनं लिहावं, आणि खाली दोघींची नावं घालावीत. सांगणारीचंही आणि लिहिणारीचंही. पाच वर्षांनी ती पानं उघडाल तेव्हा तेच तुमच्या गटाचं सिंहावलोकन असेल.